सोळा तासांचा माणूस

घोड नदीपासून भीमेपर्यंतच्या मुलखात, म्हणजे शिरूर आणि दौंड असे दोन्ही तालुके धरून, ज्याला आयुष्यात घाई म्हणून झाली नाही असा माणूस एकच आहे आणि तो आमच्या नात्यात आहे. माझ्या मावशीचे धाकटे दीर. नातं सांगेस्तोवर ऐकणाऱ्याची गाडी निघून जाते, म्हणून आम्ही सगळे त्यांना नुसतं आप्पा म्हणतो. आप्पांना काहीही विचारा. पोरीला कुठल्या शाळेत घालावं, बोअर कुठं मारावी, बांधावरून भांडणाऱ्या शेजाऱ्याचं काय करावं. उत्तर ठरलेलं. "सोळा तास थांब. बसू दे जरा." पंधरा नाही, सतरा नाही, सोळा. राहू या आमच्या गावी घरी आले की आई विचारते, चहा ठेवू का? त्यावरही ते असा विचार करतात की जणू त्यांच्या होकारावर गळीत हंगाम अडलाय. माझे वडील म्हणतात, या माणसाला विंचू चावला तर तो दुसऱ्या दिवशी सकाळी ओरडंल.

हे सोळा तास आले कुठून ते सांगायला हवं. आप्पा डॉक्टर नव्हेत. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत ते कामाला होते आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी एकच काम केलं. रक्त स्थिर ठेवलं की गोठून खाली बसतं आणि वर पिवळसर पाणी उरतं, ते सीरम. त्यात हार्मोन असतात. पण ते बहुतेक सगळे सीरममधल्या प्रथिनांना चिकटलेले असतात, सुटे असतात ते अगदी नखभर. चिकटलेले किती आणि सुटे किती, हे मोजायचं. एवढंच. एवढ्यात एका माणसाचं आख्खं आयुष्य मावतं हे मला आप्पांकडे बघून कळलं. मी आमच्या घरातली पहिली पदवीधर आहे आणि हे मी जिथं जाईन तिथं सांगते, त्यात लाजायचं काय? यवतहून शटल पकडून दौंडच्या कॉलेजात तीन वर्षं उभ्यानं गेलेय मी. त्या काळात एकदा आप्पांनी मला त्यांचं काम समजावलं होतं.

"यवतचा बाजार बघितलास न्हवं? बाजाराला माणसं कशानं येत्यात?"

"एसटीनं."

"आता तू स्टँडवर हुबं राहून गाडीतली माणसं मोजलीस, तर बाजारात गर्दी किती हाय ते कळंल का?"

"नाही. गाडीत बसलेला माणूस काय मेथी घेत नाही."

"शाब्बास! उतरंल तवा घेईल. प्रथिन म्हंजी यष्टी. बसल्याला हार्मोन काम करीत न्हाई, उतरल्याला करतो. आन् जग काय मोजतं? गाडीतली, दारात लोंबकाळणारी, बाजारातली, सगळी एकत्र!" असं म्हणून त्यांनी जगाच्या अकलेवर कपाळाला हात लावला होता.

उतरलेले तेवढेच मोजायची आप्पांची रीत अशी. दोन छोटे कप्पे, मधे एक बारीक पडदा. अलीकडे सीरम, पलीकडे खारट पाणी. पडद्याची भोकं इतकी बारीक की प्रथिनं अडतात आणि सुटे हार्मोन तेवढे पलीकडे जातात. सगळं अंगाच्या उष्णतेइतक्या कोमट पाण्यात सोळा तास ठेवायचं. दोन्हीकडचे सुटे सारखे झाले की पलीकडचं नितळ पाणी काढून मोजायचं. मधे डोकावायचं नाही, हलवायचं नाही. "घाईनं मोजाया गेलं की जे मोजायचं तेच बदलतं," हे त्यांचं लाडकं वाक्य. पुढं नवी यंत्रं आली, ती चहा पिऊन होईस्तोवर आकडा छापून देतात. आप्पांच्या निवृत्तीला संस्थेनं शाल आणि नारळ दिला, आणि ते जुने कप्पे भंगारात काढायचं ठरवलं. आप्पांनी शाल शिपायाला दिली आणि कप्पे घेऊन शिरूरला आले.

शिरूरला त्यांच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत कोमट पाण्याची ती पेटी, फळीवर कप्पे, आणि एक इन्व्हर्टर. शिरूरची वीज जाते तशी जाते. इन्व्हर्टर चालू होतो, पण पंखा फिरत नाही, दिवा लागत नाही. इन्व्हर्टरवर फक्त पेटी चालते. वैशाखात पाहुणे पदरानं वारा घेत बसतात आणि पेटीतलं पाणी मात्र सदतीस अंशांवर सुखात असतं. मावशी एकदा चिडून म्हणाली, "आप्पा, आम्हाला तरी त्या पेटीत बसवा!" आप्पांनी तिच्याकडे बघून शांतपणे सांगितलं, "तुम्ही मावायच्या न्हाई, वहिनी." मावशी आठ दिवस बोलली नाही. आप्पांच्या ते लक्षात आलं नाही. त्यांच्याशी एरवीही आठ-आठ दिवस कुणी बोलत नसे.

त्यांचा सगळ्यात मोठा उद्योग म्हणजे निरोगी माणूस शोधणं. आजाऱ्याचं रक्त ताडून बघायला निरोगी माणसाचं रक्त लागतं, त्याला ते 'नॉर्मल' म्हणतात. निवृत्तीनंतरही हा शोध थांबला नाही. खिशात सुई, दंडाला बांधायची रबरी नळी आणि कापूस घेऊन आप्पा लग्नाला, बारशाला, दहाव्याला जातात. न्हावऱ्याच्या एका लग्नात त्यांनी पंगतीत उभं राहून विचारलं, "ज्याला काहीसुदीक झालेलं न्हाई असा कुणी हाय का?" पंगतीत शंभर माणसं होती आणि सगळ्यांच्या पानात जिलबीचे ढीग होते. पण कबूल कुणी होईना. एकाला गुडघे, एकाला पित्त, एका पैलवानाला म्हणे आतून थंडी वाजायची. वरबापानं तर चष्मा काढून डोळ्यातली खाज दाखवली. आप्पा परत येऊन मला म्हणाले, "दोन तालुक्यांत नॉर्मल न्हाई, पोरी." त्यांच्या वहीत नॉर्मलच्या पानावर आकडा टाकून ठेवला होता, एक, आणि पुढं कोरं.

आप्पांचं लग्न झालेलं नाही. याची गोष्ट आमच्या घरात उघडपणे सांगितली जाते, आणि ती सांगायचा मान वडिलांचा. आमच्याकडे थोरल्या भावाला थोरली बहीण दिली की धाकट्याला धाकटी विचारायची पद्धत आहे. मावशी शिरूरला दिली, तेव्हा धाकटी, म्हणजे माझी आई, आप्पांना द्यायचं घाटत होतं. आजोबांनी आप्पांना समोरासमोर विचारलं. आप्पा म्हणाले, "उद्या सकाळी सांगतो." त्याच संध्याकाळी राहूची माणसं, म्हणजे आमची, आईला बघायला गेली आणि सुपारी फोडूनच उठली. "आमी काय सोळा तास थांबणारी माणसं न्हवं," वडील मांडीवर थाप मारून सांगतात, "आमच्या उसाला पाणी द्यायचं व्हतं!" आप्पा समोर असले तर तेही हसतात. आई तेवढ्यात आत जाते. चुलीवर काहीतरी असतंच.

आता माझी गोष्ट. ती सांगायला मला आवडत नाही, पण तिच्याशिवाय आप्पा अर्धेच राहतील.

चार वर्षांपूर्वी गावात मोफत तपासणीचं शिबिर लागलं. आईला थकवा वाटायचा. खुरपणी, धारा, स्वयंपाक करणाऱ्या बाईला थकवा वाटणारच, पण मी पदवीधर, मी तिला घेऊन गेले. थायरॉइडचा रिपोर्ट आला. तीन आकडे, त्यातल्या दोघांपुढे, म्हणजे थायरॉइडच्या स्वतःच्या दोन हार्मोनपुढे, खाली जाणारा बाण, आणि तिसरा, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा मेंदूकडचा हार्मोन, अगदी ठीक. दोन विरुद्ध एक. आमच्या ग्रामपंचायतीत याला बहुमत म्हणतात. डॉक्टरांच्या पुढं ही रांग होती. त्यांनी लहानातली लहान गोळी लिहिली आणि तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलं. आम्ही दाखवलं नाही. दाखवायची गरज काय, घरात वाचणारी मी होते. पुढच्या तपासणीत पहिले दोन बाण खालीच, आणि आता तिसऱ्याचाही बाण खाली. म्हणजे बिनविरोध! सगळंच कमी आहे, गोळी वाढवायला हवी. मी मेडिकलमधून मोठी गोळी आणली. मग त्याहून मोठी. तिसरा आकडा खाली गेला की गोळी जास्त होतेय असा त्याचा अर्थ असतो, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. शिकवलेलं सगळं बाणापुढे विसरले. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसातली साखर मोजते. आकडा कमी आला की कमी असतं, अशी माझी नजर बसलेली.

आई वाळत चालली. छातीत धडधड, हाताला घाम, झोप नाही. ती काही बोलली नाही, कारण गोळी लेकीनं दिलेली होती. मी मोबाइलवर शोधलं, तर तिन्ही आकडे खाली म्हणजे डोक्यातल्या ग्रंथीचा आजारही असू शकतो असं निघालं. मी घाबरून गेले. गोळी बंद करावी तर आकडे खाली, वाढवावी तर आई डोळ्यांदेखत विरघळतेय.

त्याच आठवड्यात आप्पा जेवायला आले. आई वाढत होती. आमटीचा डाव ताटाला लागून किणकिण वाजत होता, थांबेना. मला त्या आवाजाची सवय झाली होती. आप्पांनी घास खाली ठेवला. ज्या माणसाला चहाचं ठरवायला अर्धा तास लागतो तो माणूस त्याच क्षणी म्हणाला, "गोळी कुठली चालू हाय?"

वडिलांनी सवयीनं तोंड उघडलं. "काय आप्पा, आज सोळा तास न्हाई..." आणि पुढचं त्यांनी गिळलं.

मी रिपोर्ट आणून दाखवले. मला रागच आला होता. "आप्पा, मी शिकलेय. बाण खाली आहेत."

"बाण छापाया शाई लागती, पोरी," आप्पा म्हणाले, "अक्कल न्हाई लागत." आणि खिशातून रबरी नळी काढली.

आप्पा माझ्या आईशी कधी सरळ बोलत नाहीत. ती हातभर अंतरावर बसलेली असली तरी मधे कुणीतरी लागतं. "आईला म्हणावं, मूठ आवळ," ते मला म्हणाले. मी आईला म्हटलं, "आई, मूठ आवळ." "त्यांना इचार, दुखंल का," आई म्हणाली. "दुखणार न्हाई म्हणावं." वडील खांबाला टेकून बघत होते. "अहो, तुमचा निरोप पोचेस्तोवर माझंच रक्त गोठतंय," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. हजारो माणसांचं रक्त काढलेल्या आप्पांची सुई पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा बरोबर बसली.

मी त्यांच्याबरोबर शिरूरला गेले. मला घरी बसवेना. दुपारी चारला त्यांनी कप्पे भरले, पेटीत ठेवले, झाकण लावलं आणि समोर खुर्ची घेऊन बसले. घरात एक ताट, एक वाटी, एक कप. दुसरी खुर्ची होती, तिच्यावर वह्यांची चळत होती, ती उतरवून त्यांनी मला जागा केली. खुर्चीच्या पाठीवर प्लास्टिक अजून तसंच होतं. मला काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "आप्पा, तेव्हा खरंच लग्नाचं सोळा तासांनी सांगणार होता?"

त्यांनी खुर्ची पेटीकडे सरकवली. मग म्हणाले, "त्या दिवशी पुण्याला नमुने लावून आलो व्हतो. दुसऱ्या दिशी सकाळी पहिल्या गाडीनं जाऊन ते काढायचे आन् तसंच माघारी येऊन तुझ्या आजोबाला सांगायचं, असं ठरवलं. नमुने झ्याक निघाले. येताना पेढे घेतले, अर्धा किलो. स्टँडवर आमचा थोरला दादाच भेटला. म्हणला, राहूकरांनी सुपारी फोडली काल."

"मग पेढे?"

"परत पुण्याला गेलो. लॅबमधी वाटले. कशाचे म्हणून इचारलं, तर सांगितलं, प्रयोग जमला." त्यांनी पेटीवरचे अंश बघून घेतले. "जमलाच व्हता," ते म्हणाले.

संध्याकाळी मी मावशीकडे गेले. सकाळी आठला परत आले, तर आप्पा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पेटीपुढे उभे होते. पलीकडच्या कप्प्यातलं पाणी त्यांनी बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवलं आणि पुण्याच्या गाडीत बसले. तिथं त्यांची एक जुनी सहकारी होती, तिच्याकडे ते मोजायचं मोठं यंत्र होतं. चौथ्या दिवशी आप्पा निकाल घेऊन राहूला आले, तीन गाड्या बदलून. मी म्हटलं, फोन करायचा. तर म्हणाले, "ह्ये फोनवर सांगायचं न्हवं."

ओसरीवर बसून त्यांनी मला सांगितलं, आणि आई ऐकत होती. "आईच्या रक्तात यष्ट्याच कमी हायेत. जन्मापासनं. तो रोग न्हवं, घराण्याची ठेवण हाय. गाड्या कमी म्हणून रिपोर्टातली बेरीज कमी. पण बाजार पहिल्यापासनं भरलेलाच व्हता. तू आणखी माणसं उतरवत गेलीस. सुटं हार्मोन दुपटीच्या वर गेलंय."

मी रडले. वडील आत येऊन उभे राहिले. मला वाटलं, आप्पा रागावतील. ते म्हणाले, "तुझं वाचणं चुकलं न्हाई. मोजणं चुकीचं व्हतं. आता डॉक्टरला दाखव, मी डॉक्टर न्हवं." वाचणंही चुकलं होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

दौंडच्या डॉक्टरांनी दोन्ही कागद बराच वेळ शेजारी शेजारी धरून बघितले, आईची नाडी बघितली आणि गोळ्या बंद केल्या. मग विचारलं, "ही तपासणी कुणी केली?" मी म्हटलं, आमच्या आप्पांनी, घरी. "अशी आता कोण करतं?" डॉक्टर म्हणाले, आणि कागद परत देताना दोन्ही हातांनी दिला. हे मी आप्पांना फोनवर सांगितलं. "काय म्हणले? परत सांग." मी परत सांगितलं. "दोनी हातांनी?" दोन्ही हातांनी. "परत एकदा सांग, रेंज न्हाई." रेंज चांगली होती.

दोन महिन्यांत डाव वाजायचा थांबला. आप्पा पुन्हा येऊन रक्त घेऊन गेले. बाण खालीच होते, ते जन्मभर खालीच राहतील, पण सुटं हार्मोन जसं असावं तसं. त्यानंतर मी शिरूरला गेले तेव्हा वही उघडी होती. नॉर्मलच्या पानावर, त्या एक आकड्यापुढच्या कोऱ्या जागेत, त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं : राहू.

तेव्हापासून दरवर्षी कारखान्याचा बॉयलर पेटला की आप्पा येतात. आई न सांगता बांगड्या कोपराकडे सारते. "आईला म्हणावं, मूठ आवळ." मी म्हणते, "आई, मूठ आवळ." वडिलांना नेमकं त्याच वेळेला गोठ्यात काम निघतं. ते विनोद करत नाहीत. या तपासणीची आता काही गरज नाही, हे मला कळतं, मी शिकलेली आहे. पुण्याची ती सहकारी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली आणि ते पाणी मोजणारं आता कुणी नाही, हेही मला माहीत आहे. आप्पांच्या फ्रिजमध्ये दोन कुप्या मी बघितल्या आहेत, चिठ्ठी लावलेल्या, न मोजलेल्या. त्यांनी मी बघितल्याचं बघितलं. रिपोर्ट वाचायची घाई मी सोडून दिली आहे.

चहाचं ठरवून, चहा पिऊन, थर्मास काखेत धरून आप्पा दुपारच्या आत निघतात, चारला शिरूरला कप्पे भरायचे असतात. फाट्यापर्यंत मी सोडायला जाते. "सोळा तासांनी कळवतो," असं ते जाताना म्हणतात, आणि कळवत नाहीत, आणि त्यांना कुणी विचारत नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी, भाकरी थापता थापता आईचा हात थांबतो. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघते. आठ वाजलेले असतात.

"झालं आसंल आता," ती म्हणते, आणि भाकरी तव्यावर टाकते.